जानकीबाईंच्या बांगड्या

जानकीबाईंचा डावा हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला असायचा आणि उजवा मोकळा. रेवसजवळच्या त्या कोळीवाड्यात मी मास्तर म्हणून नवाच आलो होतो. शेजारच्या अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या या बाईंना मी भाबडेपणाने कारण विचारलं. त्या हसल्या. “लग्नात उजव्या हातच्या दर्याला देतात, मास्तर. दर्यानं मानूस राखावा म्हनून. तुमच्या घाटावर नवऱ्याला कोन राखतो?”

दर्याने त्यांचा नवरा राखला होता. पण मासळीच्या एका वाईट सालात हरी पगारासाठी पलटणीत गेला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात बेपत्ता झाला. ती लढाई आपली नव्हतीच. गावातली पोरं गोऱ्यांविरुद्ध तुरुंगात जात होती आणि हा त्याच गोऱ्यांसाठी बंदूक उचलायला निघाला, म्हणून धक्क्यावर त्याला निरोप द्यायला कुणी गेलं नाही. स्वातंत्र्य आल्यावर तर लोकांनी त्याचं नावच टाकलं. पंधरा ऑगस्टला तुरुंगात गेलेल्यांना हार घालत, तेव्हा जानकीबाई टोपली उचलून बाजाराला निघून जात. “घरात चूल पेटंना म्हनून गेला तो,” एवढंच एकदा बोलल्या. “लढाईला काय द्यायचं, ते मना कुनी सांगितलंच न्हाय.”

नारळी पुनवेला त्या कासाराकडून नव्या बांगड्या भरून घेत. बायका कुजबुजत. बाई कुणाला जुमानत नसत. “मेलेला मी बघितला न्हाय. तवर तो हाय.”

मग चंपाचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं. उरणकडचं स्थळ, माणसं भली. पण त्यांनी अट घातली, मुलीचा बाप आहे की नाही ते आधी ठरवा, मगच हळद लावू. बारा वर्षं पत्ता नसलेल्याचे दिवस घालायची रीत होतीच.

“आये, मना न्हाय करायचं लगीन,” चंपा म्हणाली. जानकीबाईंनी तिला गप्प बसवलं.

दर्भाचा पुतळा करून खाडीकाठी जाळला. अग्नी दिराने दिला. बांगड्या मात्र बाईंनी कुणाला फोडू दिल्या नाहीत. आपणच दगडावर हात आपटला.

पुढच्या महिन्यात लग्न लागलं. विधवेने हळदीला हात लावायचा नसतो, म्हणून पोरीची हळद चालू असताना आई मागच्या दारी भांडी घाशीत बसली होती. वरात गेल्यावरही त्या तिथेच होत्या, मी जवळ गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “लढाईनं तुमचा संसार मोडला.”

“लढाईनं त्याला नुसता हरवला, मास्तर. मारला मी. पोरीसाठी मारला.” त्या भांडी घाशीतच राहिल्या. मग मान वर करून त्यांनी मला अगदी खरोखर विचारलं, “आता तो आलाच, तर मी त्याला काय सांगू?”