सावलीला गेलेली बाटली

सदाशिवराव बोम्मावार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या औषधशाळेत खिडकीपाशी उभे राहून ते एक बाटली उजेडात धरून तिच्या तळाशी काही बसले आहे का ते बघत होते. मी दारात वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन उभा होतो. बाटली पाहून होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मग वळून म्हणाले, "या. कुठून आलात?"

"गडचिरोलीकडून आलो जी. मले आज हजर व्हाले सांगतलं होतं."

मागच्या टेबलावरचे दोघे हसले. सदाशिवरावांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मला म्हणाले, "मी चामोर्शीचा. जेवण झालं काय? नसन झालं तं आधी जेवून घ्या. काम कुठी पळून नाई चाललं." औषधशाळेने त्यांच्या तोंडून ही बोली तोवर कधी ऐकली नव्हती, असे मला पुढे कळले.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षे झाली होती. सदाशिवराव त्या औषधशाळेचे मुख्य होते आणि निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरले होते. औषधशास्त्राची परीक्षा झालेल्यांनी आणखी एक वर्ष इस्पितळातच राहून शिकावे, ही योजना त्यांची. शिकवणाऱ्या इस्पितळात डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी घडतो, तर औषध देणारा खिडकीच्या जाळीआड का राहावा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. वरिष्ठांकडे तीन वेळा लेखी मागणी केल्यावर त्यांना चार जागा मिळाल्या. पहिले सहा महिने सगळे वॉर्ड फिरायचे आणि उरलेले सहा एकाच विभागात काढायचे. मी मुलांचा वॉर्ड निवडला.

त्या वर्षात आम्ही सकाळी डॉक्टरांच्या मागोमाग वॉर्डात उभे राहत असू. सुरुवातीला तिथे आमचे कुणाला कौतुक नव्हते. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी एका अशक्त मुलीला लिहून दिलेले प्रमाण सदाशिवरावांना जास्त वाटले. त्यांनी औषध थांबवले आणि स्वतः वर गेले. मी बरोबर होतो. डॉक्टर विद्यार्थ्यांच्या घोळक्यात होते. सदाशिवराव व्हरांड्यात वाट पाहत राहिले आणि घोळका पांगल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "मुलीचं वजन पुन्हा एकदा केलं तर बरं होईल." वजन केले, ते कमी भरले, डॉक्टरांनी प्रमाण बदलले आणि मग औषध वॉर्डात गेले. डॉक्टरांचा मान राहिला आणि मुलीचा जीवही. खाली येताना मला एवढेच म्हणाले, "चारचौघांत सांगितलं असतं तर त्यांना वाद घालावा लागला असता. वादात वेळ जातो."

माझे वडील एकदा मला भेटायला आले, तो दिवसही लिहायला हवा. आम्ही ढिवर. गावच्या तलावावर आणि वैनगंगेवर मासेमारी आणि उरलेल्या दिवसांत मजुरी, हे आमचे पोट. वडिलांनी फडक्यात वाळलेले झिंगे बांधून आणले होते आणि त्यांचा वास व्हरांडाभर पसरला. बरोबरीच्यांनी नाकाला रुमाल लावले. मी शरमेने वडिलांना फाटकाबाहेर नेत होतो, तोच सदाशिवराव आले. त्यांच्या घरी कांदाही चालत नसे. तरी त्यांनी वडिलांना आपल्या खोलीत नेऊन समोरच्या खुर्चीवर बसवले आणि विचारले, "भाऊ, मासे गुंगवायला तुम्ही गेळफळ कसं वापरता?" वडील आधी बिचकले, मग रंगून सांगत सुटले. सदाशिवराव वहीत लिहून घेत होते. पुढच्या आठवड्यात गुंगी आणणाऱ्या वनस्पतींवर त्यांनी आमचा पाठ घेतला, तेव्हा माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही माहिती मला मेश्रामांच्या वडिलांनी दिली." त्या दिवसानंतर माझ्या बोलण्याला कुणी हसले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो आहे ती. साठी पूर्ण झाल्याबद्दल गौरवग्रंथ काढण्याचे आम्ही शिष्यांनी ठरवले तेव्हा सदाशिवरावांनी आधी नकार दिला. फार आग्रह झाल्यावर त्यांनी एक अट घातली. मला बोलावून म्हणाले, "सावलीची हकिगत लिहा. गाळू नका आणि सौम्यही करू नका. शिकणाऱ्यांना तिचाच उपयोग आहे." म्हणून माझी चूक मी इथे जशी झाली तशी सांगतो.

सावली नावाच्या मोठ्या गावाच्या पलीकडे तलावाकाठी एक लहान खेडे आहे. तिथल्या अनुसयाबाई आपल्या सहा वर्षांच्या गजाननला घेऊन वॉर्डात आल्या होत्या. घरची थोडी धानाची शेती. मुलाला झटके येत. तीन आठवड्यांत ते औषधाने आटोक्यात आले. घरी जायच्या दिवशी महिनाभराच्या औषधाची बाटली घ्यायला त्या खिडकीशी आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "तुमी तं आपल्याच भागातले दिसता जी." कित्येक महिन्यांनी घरची बोली कानावर पडली होती. मी ओतता ओतता बोलत राहिलो. धान कसे आहे, तलाव भरला का, नदीला पाणी किती. फळीवर एकसारख्या दोन मोठ्या बाटल्या असत. एकीत द्यायला तयार असलेले औषध आणि दुसरीत त्याचेच आठपट कडक द्रावण, जे पाणी घालून पातळ करून घ्यायचे. मी कडक द्रावणच भरून दिले. चिठ्ठी लावली, "दिवसातून तीनदा एक चमचा" असे समजावून सांगितले आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवूनही आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी पुसताना दोन्ही बाटल्यांतली पातळी माझ्या नजरेस पडली. तयार औषध होते तेवढेच होते आणि कडक द्रावण उतरले होते. मी तिथेच बाकावर बसलो. खोटे कशाला लिहू, अर्धा तास मी गप्प होतो. कुणाला कळणार नाही, मूल दूर खेड्यात आहे, असेही मनात येऊन गेले. मग अनुसयाबाई चमचा भरत आहेत असे दिसायला लागले आणि मी उठून सदाशिवरावांच्या खोलीत गेलो.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. रागावले नाहीत. "मुलाचं वजन किती? वॉर्डातला शेवटचा डोस केव्हा दिला?" मी सांगितले. त्यांनी कागदावर हिशेब केला आणि तो तपासायला माझ्याकडेच दिला. मी भराभर आकडे मांडू लागलो. "सावकाश करा," ते म्हणाले, "आता घाईत आणखी चुकायला नको." अनुसयाबाईंनी वॉर्डात दिलेल्या सावलीच्या पत्त्यावर, औषध देऊ नका, अशी तार केली. वॉर्डाच्या डॉक्टरांना सगळे सांगितले आणि मूल गुंगीत असेल तर काय करायचे ते लिहून घेतले. गरज पडल्यास मुलाला सावलीच्या दवाखान्यात न्यायचे ठरवून तिथल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठीही घेतली. बरोबर प्रमाणाची नवी बाटली त्यांनी स्वतः भरली. तासाभरात आम्ही मूल गावाकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीत होतो.

त्या गाडीची चाल ज्यांना माहीत आहे त्यांना तो प्रवास सांगायला नको. प्रत्येक स्टेशनावर ती रेंगाळत थांबे. सदाशिवराव खिडकीशी बसले होते. दुपारी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि मी नको म्हटल्यावर म्हणाले, "खा. तिथे पोचल्यावर तुमचं डोकं ठिकाणावर हवं आहे." मूलला उतरून मोटार धरली. सावलीला कळले की तार आलीच नव्हती. तिथून तलावाच्या पाळीवरून दोन मैल चालत निघालो. पंचावन्नाला टेकलेले सदाशिवराव माझ्या पुढे चालत होते. धोतराचा काठ चिखलाने भरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होते. गजानन अंगणात गोधडीवर पडला होता. डोळे उघडे होते. सदाशिवराव खाली बसले, त्याची नाडी पाहिली, त्याच्याशी दोन शब्द बोलले. मग विचारले, "बाई, बाटलीतलं किती दिलं?"

"नाई देल्लं जी," अनुसयाबाई म्हणाल्या. "टुऱ्याले द्याच्या आधी मी सारं आपल्या जिभेवर ठेवून पाह्यतो. वार्डातली दवाई इतकी कडू नवती. मनलं, हे कोणती दुसरीच आहे. पर विचारू कोणाले? इथी कोण आहे सांगणारा? म्हणून ठेवून देल्ली."

बाटली तुळशीपाशी कोनाड्यात होती, तशीच भरलेली. पण औषध चुकल्यामुळे त्या सकाळी गजाननला पुन्हा झटका आला होता. पडताना दातांखाली जीभ आली होती आणि ओठाशी रक्त सुकले होते. माझ्या चुकीची तेवढी किंमत त्या मुलाने दिली. सदाशिवरावांनी नव्या बाटलीतला थेंब आधी स्वतःच्या जिभेवर ठेवला, मग चमचा अनुसयाबाईंपुढे केला. त्यांनी चाखून मान हलवली. तेव्हा मुलाला औषध दिले.

त्यानंतर सदाशिवराव उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या औषधशाळेची चूक झाली. त्या बाटलीत जहाल औषध होतं. तुम्ही दिलं असतं तर तुमचं मूल दगावलं असतं. ते तुम्ही वाचवलं, आम्ही नाही." मी पुढे होऊन सांगितले की भरणारा मी होतो.

अनुसयाबाई माझ्याकडे वळल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासंगं बोलत नसती तं असं झालं नसतं काय जी?"

"नाही बाई," सदाशिवराव म्हणाले, "तुम्ही बोललात ते बरोबर. बोलणं सांभाळून ओतणं आमचं काम होतं."

"आन् तुमी इतक्या दूरून हेच सांगाले आले?"

"हो."

त्या आत गेल्या आणि दोन पितळी पेल्यांत पाणी घेऊन आल्या. मुलाला औषध लागू पडून तो शांत झोपेपर्यंत आम्ही थांबलो आणि मुक्कामही त्याच अंगणात केला.

परत आल्यावर माझे नाव काढून टाकले जाईल अशी मनाची तयारी मी केली होती. सदाशिवरावांनी वरिष्ठांना जो लेखी अहवाल दिला तो मला वाचायला दिला. त्यात माझी चूक स्पष्ट लिहिली होती. पुढे लिहिले होते, "एकसारख्या दोन बाटल्या एका फळीवर राहू दिल्या हा दोष औषधशाळेच्या मुख्याचा, म्हणजे माझा आहे. भरून झालेली बाटली दुसऱ्याने तपासण्याची सोय मी केली नव्हती, हाही माझा." खाली सही. निवृत्तीनंतर प्रांताच्या औषधभांडारांवर देखरेखीची मोठी जागा त्यांना मिळणार असे सगळे धरून चालले होते. त्या अहवालानंतर ती दुसऱ्याला गेली. मी रडत त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "तुम्ही अर्धा तास गप्प बसलात आणि मग आलात. मी तो अहवाल दडपला असता तर तुम्ही पुढच्या वेळी आलाच नसता."

त्या आठवड्यापासून कडक द्रावणे वेगळ्या कुलपात गेली. भरलेली बाटली दुसऱ्याने वाचल्याशिवाय खिडकीबाहेर जाईना. आणि औषधाचा रंग, वास, चव रोग्याच्या माणसाला त्याच्या बोलीत सांगायची, बदल वाटला तर औषध न देता कुणाकडे यायचे तेही सांगायचे, असा नियम झाला. या नियमाचे श्रेय ते नवीन मुलांना शिकवताना अनुसयाबाईंनाच देत. रोग्यांशी त्यांच्या बोलीत बोलता यावे म्हणून त्यांनी त्या वयात गोंडी शिकायला घेतली. वॉर्डातल्या एका गोंड आजोबांकडून रोज पाच शब्द ते पाठ करीत. त्यांचे उच्चार ऐकून आजोबांना हसू येई आणि सदाशिवराव पुन्हा तोच शब्द म्हणत.

माझे वर्ष पुरे झाले. जाताना त्यांनी शिफारसपत्र दिले. त्यात त्या चुकीचा उल्लेख होता आणि शेवटी, "यांच्या हाती मी माझ्या नातवाचे औषध निःशंकपणे देईन," असे वाक्य होते. त्याच पत्रावर मला चांदा जिल्ह्यातली नोकरी मिळाली.

निवृत्त होऊन सदाशिवराव चामोर्शीला आले. आता दर बाजाराच्या दिवशी ते चिंचेखाली सतरंजी टाकून बसतात. आसपासच्या खेड्यांतली माणसे घरात पडलेल्या बाटल्या, पुड्या, अर्धवट गोळ्या फडक्यात बांधून त्यांच्याकडे आणतात. हे काय आहे, अजून चालेल का, कुणाला द्यायचे नाही, ते एकेकाला सांगतात. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा एक म्हातारी पदराच्या टोकातून एक गोळी काढून विचारत होती आणि ते ती डोळ्यांजवळ नेऊन निरखत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. येत्या थंडीत शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांना त्याची काळजी नाही. मला म्हणाले, "तीन बाजार चुकतील. तेवढे तुम्ही येऊन बसाल का?"

मी बसणार आहे. आम्हा सर्व शिष्यांची एवढीच इच्छा आहे की चौथ्या बाजारी मला ती जागा सोडून उठावे लागावे. सदाशिवरावांची दृष्टी स्वच्छ होवो, गुडघे त्यांना चिंचेपर्यंत नेत राहोत, आणि पंचाहत्तरीचा ग्रंथ काढायची वेळ येईल तेव्हा आजच्यासारखाच त्यांनी आधी नकार द्यावा.