थंड खोलीतला घाम

फुलं पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या थंड खोलीत सगळ्या बायका स्वेटर घालून काम करायच्या. मुकादमबाईला मात्र तिथेही घाम फुटायला लागला. छातीतून एकदम वाफ उठायची, मान-चेहरा लालबुंद व्हायचा आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरायची. वय अवघं अडतीस. तिचा संशय गेला थंडाव्याचं मशीन सांभाळणाऱ्यावर.

"वीज वाचवायला मशीन बंद ठेवतोस ना?"

"काटा बघा की, बाई. चारवर आहे."

काट्यातच त्याने काहीतरी करून ठेवलं असणार! दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून स्वतःचा तापमापक आणला. तोही चारवरच.

घरी तिने नवऱ्याला धरलं. हाच गुपचूप पंखा बंद करत असणार, नाहीतर उशी ओली कशी होते? झोप होत नव्हती, त्यामुळे शब्दाला शब्द लागे. पाळी आधी दांड्या मारायची, आता चार महिने आलीच नव्हती. हे जावेच्या नजरेतून सुटणार थोडंच?

"गोड बातमी लपवतेस होय गं?"

तिने घरीच पट्टीवर गरोदरपणाची तपासणी केली. एकच रेघ. औषधवाल्याने जुना माल गळ्यात मारला असणार, म्हणून दुसऱ्या दुकानातून नवी पट्टी आणली. तिथेही एकच.

शेवटी फोनवर मावशी बोलून गेली, "अगं, तुझ्या आईचीही पाळी चाळिशीच्या आतच गेली होती."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"असलं काय सांगायचं मुलींना!"

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "नळीवरची नावं बदलली असतील," मुकादमबाई म्हणाली. त्या हसल्या. "पुन्हा तपासणारच आहोत आपण."

दुसऱ्यांदाही तेच आलं. अंडाशयाचं काम वेळेआधीच मंदावलं होतं. हाडं आणि हृदय जपायला हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागणार होत्या. तिने एवढंच विचारलं, "दुसरं मूल?"

"शक्यता फार कमी. अगदीच नाही असं नाही."

बाहेरच्या बाकावर ती नवऱ्याशेजारी बसून राहिली.

"आपल्याला मुलगी आहे ना," तो म्हणाला.

"तिला कुणीतरी हवं होतं रे." आणि मग तिला रडू आवरेना. त्याने तिचा हात सोडला नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू झोप लागू लागली. तिने धाकट्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलं.

"ताई, तू ना, उगाच शंका घेतेस."

"घेते. तूही घे. पाळी चुकायला लागली की आधी डॉक्टरकडे जा, मग पंख्याला दोष दे."