शेठ आणि गाण्याच्या बाई

कॉलेज इतकं लहान होतं की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळायचं. कुणी इतिहास शिकत होतं, कुणी चित्रकला, कुणी तत्त्वज्ञान. धंद्याचं शिक्षण घ्यायला आलेली मुलं अगदी मोजकी. त्यांतला हा एक, म्हणून सगळे त्याला 'शेठ' म्हणायचे. वडील गॅरेजमध्ये मेकॅनिक, आणि म्हणे शेठ! त्याचं त्यालाच हसू यायचं.

तिथे प्रत्येकाला एखादी कला घ्यावीच लागे. शेठने गाणं घेतलं, कारण त्याला लेखी परीक्षा नव्हती. पहिल्या दिवशी तो मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभा राहिला. गाण्याच्या बाई पियानोवरून उठल्या आणि थेट त्याच्यापाशी आल्या.

"काय शेठ, माल दाखवायचाच नाही असं ठरवलंय का?"

वर्गात खसखस पिकली. तो ओशाळला, पण गायला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "अरे, एवढा भरीव आवाज कुठे दडवून ठेवला होतास?"

त्याच्याविषयी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मग त्याने तो तास कधी बुडवला नाही. "गाणं शिकायला पाठवलंय का रे तुला?" म्हणून वडील फोनवर करवादायचे, तरी तो जायचाच.

शेवटच्या वर्षी प्राचार्यांनी त्याला बोलावलं. कॉलेज अडचणीत होतं. "प्रकल्पासाठी आपलंच कॉलेज घे ना. कोणता विभाग कसा चालतो, बघ जरा."

शेठला आभाळ ठेंगणं झालं. तहानभूक विसरून त्याने काम केलं. सगळ्यांत कमी विद्यार्थी गाण्याला निघाले. वर्गात शिकवलं होतं तसंच त्याने लिहिलं: हा विभाग बंद करणं हिताचं. एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. पण हा तर नुसता अभ्यास, कोण मनावर घेतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

त्याला उत्तम गुण मिळाले. सुट्टी लागायच्या आत बाईंना नारळ मिळाला.

तो धावत वर्गात गेला. बाई गाण्यांची पुस्तकं खोक्यांत भरत होत्या.

"बाई, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. मला वाचायला दिलं होतं. नीट लिहिलंयस."

"मला खरंच वाटलं नव्हतं, की..."

"ते खोकं उचल. खालून हात लाव, तळ फाटलाय."

नोकरीबरोबर कॉलेजातली राहायची खोलीही गेली होती, म्हणून दोघं बसने बाईंच्या बहिणीकडे गेले. जिने चढून त्याला धाप लागली. घर कसलं, दीड खोली. पियानो सोडाच, खोकीसुद्धा पलंगाखाली सरकवावी लागली.

"हा कोण गं?" बहिणीने विचारलं.

"माझा विद्यार्थी. छान गातो."

"हो का? मग म्हण की रे काहीतरी!"

बाईंनी वर्गात उचलायच्या तसा हात किंचित वर उचलला आणि त्याच्याकडे पाहत थांबल्या. शेठने श्वास घेतला. घशातून आवाज फुटेना. पुन्हा घेतला. डोळे भरून आले, पण सूर काही लागला नाही.

"राहू दे," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हात खाली घेतला. "दमलाय तो."

पुढे त्याला चांगली नोकरी लागली. वडील गॅरेजभर सांगत फिरले. गाणं मात्र त्या दिवशी सुटलं, ते सुटलंच.