रेस वाढवून देतो, ताई

गाडी न्यूट्रलला धरत नाही, एवढंच मी सांगितलं होतं. उभी केली की थरथरते, उचकी लागल्यासारखं करते आणि बंद पडते. जव्हारच्या मेकॅनिकनं अर्धवट ऐकलं, स्क्रूड्रायव्हर घातला, एक स्क्रू पिळला आणि म्हणाला, "रेस वाढवून देतो, ताई. आता नाही बंद पडणार."

बंद पडत नव्हती खरी, नुसती बोंबलत होती. उतारावर रेस सोडली तरी पुढे पळायची, ब्रेक दाबून दाबून माझा हात भरून यायचा. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा गेले, पुन्हा तोच स्क्रू. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "अहो, प्लग काढून बघा, कार्बोरेटर खोला, काहीतरी करा!" तर हा शहाणा माझ्याकडे न बघता मागच्या गिऱ्हाइकाला म्हणतो, "लेडीज लोकांना चोक बंद करायचं लक्षात राहत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं मी ही गाडी चालवतेय. माझी नर्सची नोकरी, मोखाड्याकडचे पाडे, आणि एसटी थांबते तिथून पुढचं सगळं याच जुन्या दुचाकीवर. चोक म्हणे! ताप आलेल्या पोराला मी नुसती गोळी देऊन घरी पाठवलं, ताप का आला ते बघितलंच नाही, तर हाच माणूस दवाखान्यात येऊन तमाशा करेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

शिमगा होऊन चारच दिवस झाले होते. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर नऊ महिन्यांची एक मुलगी होती, तिचं गोवरचं इंजेक्शन राहिलं होतं. आईबाप वीटभट्टीवर कामाला. सणाला घरी आलेले, आणि त्या दिवशी सकाळी दहाला टेम्पोनं परत जाणार. एकदा गेले की पाऊस पडेपर्यंत कुठल्या भट्टीवर असतील ते सांगता येत नाही. भट्टीवर झोपडीला झोपडी चिकटून असते. तिथं गोवर आला तर काय होतं ते मी पाहिलंय, पुन्हा बघायचं नव्हतं. आईला निरोप धाडला होता, नऊच्या आत येते, तोवर टेम्पोत बसू नकोस.

साडेआठला अर्ध्या चढावर गाडी गेली. किक मारली, धरली, दोन उचक्या, बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. लशीचा डबा खांद्याला लावून मी भर रस्त्यात त्या मेकॅनिकला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आणखी दोन दिल्या. मग प्लग काढला. ठीक होता. एअर फिल्टर झटकला. चोक बंदच होता, हो! शेवटी इंजिन गार होऊ दिलं, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरला असं करताना मी पाहिलं होतं. खाली माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण धरलं.

झाकणात पेट्रोल आलं आणि त्याच्या तळाला साबुदाण्यासारखे गोल गोल थेंब बसले. बोट बुडवून बघितलं. पेट्रोल उडून गेलं, थेंब बोटावर तसाच राहिला.

पाणी! इथं बायका हंडा घेऊन अख्खी टेकडी उतरतात, आणि माझ्या कार्बोरेटरला घरपोच पाणी!

कुठून आलं ते लगेच कळलं. पंप लांब, म्हणून मी त्याच पाड्यावरच्या दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेत असे. दुकान एका मावशीचं. म्हणजे ही बाई महिनोन्महिने मला पाणी मिसळून विकत होती आणि वर हसून चहा विचारत होती! टाकीतलं खालचं पेट्रोल सोडून दिलं, थेंब दिसायचे थांबले तेव्हा सगळं बंद केलं, वाढवलेली रेस कमी केली. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि गुपचूप, एका लयीत चालू राहिली. घड्याळात मात्र दहा वाजून गेले होते.

पोचले तेव्हा टेम्पो गेला होता. मुलीची आजी म्हणाली, पोरीला कडेवर घेऊन आई रस्त्यात उभी होती, चढत नव्हती. ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला, बाकीचे ओरडले, तेव्हा चढली.

मी तशीच दुकानावर गेले. "मावशी, पेट्रोलात पाणी घालता? लाज नाही वाटत? तुमच्यामुळे एक लेकरू लशीवाचून गेलं!"

ती घाबरली. "पाणी? नाही वो बाई. पाणी हाय कुठं घालाया?" मग तिनं माझा हात धरून मला दुकानामागे नेलं. कुंपणाच्या काठ्यांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या. ओल्या. "तुमीच सांगलं ना पावसाळ्यात, जुलाबाची साथ व्हती तवा. बाटली कसली पन असू दे, धुतल्याबिगर भराची नाय. तवापासून धुते. हंड्यातला एक तांब्या ह्या बाटल्यांसाठी काढून ठेवते."

मी एक बाटली काठीवरून उचलली; आतून दोन थेंब हातावर पडले.

"बाकीच्यांची एकदाच धुते," ती म्हणाली. "तुमची दोनदा."

सकाळपासून मी जगाला शिव्या घातल्या होत्या, त्यात मी कुठेच नव्हते. लस होती, सुई होती, गाडीसुद्धा आता चालू होती. मुलगी तेवढी नव्हती.

"पेट्रोलची बाटली धुवायची नसते, मावशी," मी म्हटलं. "हे सांगायचं राहिलं माझ्याकडून."

"तेवढं सांगाया पायजे व्हतं, बाई," ती म्हणाली.