चतुराबाईचं विलायती रडणं

चुडाव्यात कुणी वारलं की आधी चतुराबाईला निरोप जाई, मग लाकडांची सोय बघितली जाई. मेलेल्याचे गुण ती सुरात अशी आळवी, की ज्यांनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या त्यांनाही वाटे, माणूस बरा होता. दुसऱ्यांचं रडणं मात्र तिला सहसा पटत नसे. "गळ्यातून रडायली, पोटातून न्हाई," म्हणून तिनं भल्याभल्या विधवांना बाद केलं होतं.

एकदा ती मीठ आणायला चन्नप्पा वाण्याच्या दुकानी गेली, तर आतून बाईचा आवाज आला. चतुराबाईनं उंबऱ्यातच बैठक मारली आणि डोळ्याला पदर लावला.

"चन्नप्पा, कोण गेलं रं?"

"कुनी न्हाई गेलं, चतुरामाय. फोनो वाजायलाय."

रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्याकडून चन्नप्पानं कर्ण्याचा फोनो घेतला, तबकड्यांच्या पेटीसकट. घरी लावून बघतो तर एकही गाणं ओळखीचं निघेना. साहेब 'आपेरा' असं काहीसं बोलला होता. त्यात म्हणे नाटकातली माणसं भांडतात, मरतात, तेही गाऊनच; आणि या तबकड्या तिकडच्या जुन्या नामांकित गवयांच्या. पहिल्याच दिवशी म्हशीनं पान्हा चोरला, तेव्हा चन्नप्पाच्या बायकोनं, शांतम्मानं, फोनो गोठ्यापासून लांबच्या खोलीत हलवायला लावला.

चतुराबाई तिथं रोज येऊ लागली. भाषा कुणालाच कळत नव्हती. स्टेशनमास्तरांनीही कान देऊन ऐकलं आणि ही इंग्रजी नव्हे, एवढंच सांगून ते गेले. मग अर्थ सांगायचं काम चतुराबाईकडं आलं.

"हिचा नवरा गेलाय. ऐक, दम कुटं घेतला का तिनं?"

दुसऱ्या तबकडीला ती म्हणाली, "ही सासूसाठी रडायलीय. आवाज मोठा, पर आतून खुशी हाय."

भरदार आवाजाचा एक पुरुष होता. "ह्यो बांधावरून भांडायलाय. गडी खरा हाय. बांध त्याचाच असंल."

चन्नप्पा मान डोलवी. हळूहळू त्यालाही आवाज ओळखू येऊ लागले. नवऱ्यासाठी रडणारीला दोघं 'थोरली' म्हणत. थोरली सूर उचलून माडीवर नेई आणि खाली आणायची घाईच करीत नसे. तोवर दोघं श्वास रोखून बसत आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळे.

अशात आबासाहेब पाटलांच्या आत्या, पार्वतीबाई, पिकल्या वयात गेल्या. म्हातारी इतकी खाष्ट होती, की घरात कुणाला टिपूस येईना. चतुराबाईला बोलावणं गेलं. ती आली, प्रेताशेजारी पाठ ताठ करून बसली, एक हात छातीवर ठेवला, दुसरा आढ्याकडं नेला आणि थोरलीचा सूर लावला.

"अगं पार्वतीबाईऽऽ..."

अंगणातलं कुत्रं रडू लागलं. तिरडी बांधणाऱ्यांनी सुतळी खाली ठेवली. सूर माडीच्याही वर गेला आणि तिथं अडकला. "गेली गं, गेली गं, गेली गं, गेली गं..."

बायकांना वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. खरी गोष्ट एकट्या चन्नप्पाला कळली. तबकडीला नेमका तिथंच ओरखडा होता, आणि चतुराबाईनं ते गाणं ओरखड्यासकट पाठ केलं होतं. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. मग बायकांच्या घोळक्यात शिरून, फोनोच्या सुईच्या दांडीला मारायचा तशी, तिच्या कोपराला हलकीशी टिचकी मारली. चतुराबाई पुढं सरकली आणि शेवटापर्यंत नीट गेली.

आबासाहेबांनी डोळे पुसले. "आत्याबाईंत एवढं रडण्यासारखं होतं, ते आज कळलं."

परतताना चन्नप्पानं तिला समजावलं, "माय, ते तबकडीचं अडकनं हाय, थोरलीचं न्हाई."

"मला वाटलं, तिला नवरा तितंच आठवायलाय." चतुराबाई म्हणाली. "राहू दे तसंच. मला ती जागा आवडलीय."

पुढं हा सूर कुठला ते गावाला कळलं, आणि लोक मयतीला फोनोच मागू लागले. पण फोनोची एक सुई एका मयतीतच झिजे, आणि विलायतेकडं लढाई सुरू झाल्यानं नव्या सुया हैदराबादेतही मिळेनात. तेव्हा चतुराबाईनं नेम घालून दिला: सख्ख्या नात्याला सुई, चुलत-मावस नात्याला ती स्वतः. आबासाहेबांनी मात्र आपल्या नावची एक कोरी सुई आधीच बाजूला काढायला लावली. बाकीच्या संपत आल्या, थोरली ऐकायला तीच एक सुई उरणार असं दिसू लागलं, तशी चतुराबाई त्यांच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आपुलकीनं करू लागली.