शामण्णांच्या कानातली शिट्टी

विमानांच्या इंजिनांची चाचणी व्हायची त्या शेडमध्ये आम्ही दिवसभर खुणांनीच बोलायचो. त्यामुळे बाहेर पडलं की तोंडं सुटायची आणि किस्से साठत जायचे. साठ सालाच्या आसपासचे हे काही शामण्णांचे आहेत. हसत सांगता येतील असे त्यात थोडेच.

*

शामण्णा आमचे सीनियर मेकॅनिक, बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या जुन्या मराठी घरातले. कानात कापूस, एवढंच काय ते संरक्षण. एका दुपारी त्यांच्या डोक्याजवळच दाबाच्या हवेचा पाइप फुटला. आम्ही इंजिन बंद केलं. सगळं चिडीचूप झालं.

"शिट्टी कोण वाजवतंय?" शामण्णांनी विचारलं.

कुणीच वाजवत नव्हतं.

*

घरी गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "तो स्टोव्ह बंद कर."

सरसक्का म्हणाल्या, "आज चुलीवर केलंय."

त्यांनी उठून स्टोव्हला हात लावून पाहिला. गार होता. मग तिथंच भिंतीला टेकून बसले.

*

डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला. "डोळे मिटा. आवाज थांबला की हात वर करा."

बराच वेळ गेला, हात काही वर होईना.

"अजून येतोय?"

"येतोय."

"चिमटा मी मघाशीच खिशात टाकलाय."

शामण्णांचा चेहरा पडला. मग डॉक्टरांनी समजावलं. आतल्या कानात केसांसारखे बारीक तंतू असतात. मोठ्या दणक्यानं काही वाकतात, काही मोडतात. खरा आवाज पोचेनासा झाला की मेंदू स्वतःच आवाज काढतो. "वाकलेले उभे राहतील कदाचित. मोडलेले मात्र नाहीत. गोंगाटापासून लांब राहा."

*

साहेब म्हणाले, "स्वल्प दिवस सांभाळून घ्या." शामण्णा पुन्हा शेडमध्ये उभे राहिले. साखळीला टांगलेलं इंजिन त्यांच्या पाठीमागून झुलत आलं. आम्ही जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यांनी मानही वळवली नाही. शेवटी मी कॉलर धरून ओढलं, दोघंही आडवे झालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

*

काही महिन्यांनी एका रविवारी त्यांच्याकडे कॉफीला गेलो. मुलगी वीणा वाजवत होती. शामण्णा पेपर वाचता वाचता थांबले.

"दुसरी तार उतरलीय बघ."

तिचे हात थांबले.

"रोज मीच उतरवत होते, अप्पा. आज कळलं तुम्हाला," ती म्हणाली.