मोठ्यानं विचारणाऱ्या काकू

“लपवून काय होते ओ पोरी?” असं म्हणत शेजारच्या काकू कडी न वाजवताच घरात शिरायच्या. तुमच्याही क्वार्टरांच्या लाइनीत अशी एखादी बाई असेलच. घरातलं दुखणं तिला आपल्याआधी कळतं.

आमचे दिवस तेव्हा ओढाताणीचे. सासरे एकटे कमावते, नवऱ्याचं ठेक्याचं काम कधी असे, कधी नसे. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एड. होईपर्यंत मूल नको, म्हणून मी तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायची. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना नाही.

परीक्षा झाली, इंजेक्शन बंद केलं, आणि पाळीचा ताळच सुटला. कधी नुसते डाग, कधी आठवडाभर अंगावरून जायचं, मग कितीतरी दिवस काहीच नाही.

आमच्याकडे पाळीत बाई मागच्या पडवीत वेगळी बसायची. मी तर सारखी पडवीतच. स्वयंपाक सासूबाईंवर पडला. शेवटी वैतागून नवऱ्यानं खरं सांगून टाकलं.

“सुईनं कूस जाळली तुवा,” सासूबाई म्हणाल्या. मला रात्रंदिवस तीच भीती होती.

काकूंनी मागच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं. त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची; हे वेगळं बसणं त्यांना मान्यच नव्हतं.

“कावून बसली पुन्हा? परवाच त उठली होती.”

मी सगळं सांगितलं.

“मंग हे दवाखान्याचं काम आहे, पडवीचं नाही. चाल.”

ऑटो करून सिविक सेंटरच्या बाजारातल्या हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मी ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच बोलले. काकूंनी मला कोपरानं ढोसलं आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मॅडम, ये शरमा रही है. सुई लगवाती थी, अब बंद की. महीने का ठिकाना नहीं. बच्चा होगा कि नहीं, वो बताओ.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, इंजेक्शनचा असर हळूहळू उतरतो; पाळी नियमित व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. गर्भाशयाला काही झालेलं नाही. फार जास्त रक्त गेलं, चक्कर आली, तर मात्र लगेच यायचं.

ऑटोत मला रडू फुटलं.

“आता कावून रडून राहिली? समोसा खा,” काकू म्हणाल्या.

घरी त्यांनीच सासूबाईंना सांगितलं, “कूस नाही जळली, बाई. तुमचं डोकंच तेवढं तापलं होतं.”

सासूबाईंनी पोळपाट मांडला. मग म्हणाल्या, “मंग आत ये. पोळ्या लाट. मायी कंबर गेली.”

वर्षाच्या आत पाळी नियमित झाली. पुढे काका रिटायर झाले, कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, दोघं गोंदियाकडे गेले. शेजारी आता दुसरं कुटुंब राहतं. भली माणसं आहेत, कडी वाजवून येतात.

मी शाळेत शिकवते. मला मुलगी आहे. आधी पदवी, मग मुलगी, दोन्ही मला हव्या तेव्हा मिळाल्या.